चाक अंगावरून गेलं तर: वावर, खळं आणि मोंढ्यातले बिनइंजिनाच्या गाड्यांचे अपघात

येळवशीच्या, म्हणजे वेळ अमावास्येच्या, दुपारी आमच्याकडं अख्खं गाव रानात असतं. कोपीसमोर जेवणं उरकलेली, आंबील पिऊन माणसं सुस्तावलेली, लेकरं गाड्यांच्या चाकांपाशी खेळणारी. अशाच एका येळवशीला शेजारच्या बांधकऱ्याची गाडी निघायच्या तयारीत होती. मागं कुणीतरी फटाका वाजवला, बैल बुजले आणि रिकाम्या गाडीचं चाक माझ्या चुलत्याच्या पोटरीवरून गेलं. हाड मोडलं नाही, रक्तही फार आलं नाही. एकानं हळद दाबली, दुसऱ्यानं ओलं फडकं करकचून बांधलं, आणि सगळे म्हणाले, "थोडक्यात भागलं, अण्णा."

रात्री दोनला पोटरी दगडासारखी टणक झाली. अण्णा कधी कण्हणारा माणूस नव्हता, तो ओरडायला लागला. पहाटे पायाची बोटं बधिर. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांना पोटरी दोन बाजूंनी चिरून आतला दाब मोकळा करावा लागला, पुढं मांडीची कातडी काढून तिथं लावावी लागली. पाय वाचला, लंगड राहिली. केसपेपरवर आम्ही काय सांगितलं होतं? "पाय घसरून पडले." कारण गाडी बांधकऱ्याची होती आणि बांधाचं भांडण आधीच पुष्कळ होतं.

मोटारसायकलनं उडवलं तर आपण त्याला अपघात म्हणतो. बैलगाडी, हातगाडा, सायकल अंगावर आली की "लागलं" म्हणतो. रस्त्यावर नाही, नंबरप्लेट नाही, म्हणून तो अपघातच वाटत नाही. उपचाराला उशीर होतो, कागद चुकीचे होतात, पुढं मदत मागायची वेळ आली की हातात काहीच नसतं. म्हणून हा लेख पायरीपायरीनं लिहिला आहे. वावर, आखाडा (रानातलं घर-गोठ्याचं ठिकाण), खळं, गोठा, मोंढ्याचं म्हणजे धान्यबाजाराचं आवार, कारखान्याचा गाडीतळ, शाळेचं मैदान, जत्रेचा माळ अशा जागी इंजिन नसलेल्या गाडीनं पायी माणसाला धडक दिली तर काय करायचं, त्याबद्दल.

आधी गाडी थांबवा, मग माणूस काढा

अशा वेळी सगळे माणसाकडं धावतात आणि बैलांकडं कुणी बघत नाही. बैल तसेच जुंपलेले, बुजलेले. ते पुन्हा ओढतात आणि चाक दुसऱ्यांदा फिरतं. म्हणून पहिला माणूस बैलांच्या बाजूनं जाऊन वेसण धरेल. समोरून जायचं नाही. कासरा ओढून आरडाओरडा केला तर बैल आणखी बुजतात. गाडीवान स्वतः शुद्धीवर असेल तर बैल त्याच्याच ताब्यात द्या, ते त्याचा आवाज ओळखतात.

दुसरा माणूस दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावेल. दगड मिळाला नाही तर ढेकूळ चालणार नाही, ते दबून फुटतं. ओंडका, जळणाचं लाकूड, नांगराचं फाळ काहीही चालेल.

आता खरी चूक कुठं होते ते सांगतो. माणूस चाकाखाली अडकला की कुणीतरी म्हणतं, "बैल जरा पुढं हाक, चाक उतरंल." हाकू नका. चाक उतरताना अख्ख्या गाडीचा भार घासत जातो आणि जी कातडी शाबूत होती ती सोलून निघते. दुसरी चूक म्हणजे बैल घाईनं सोडणं. जू बैलांच्या मानेवरून काढलं की गाडीचा तोल सुटतो. भार पुढं असेल तर धुरा धाडकन खाली येते. भार मागं असेल, म्हणजे कडबा किंवा ऊस मागं जास्त भरला असेल, तर गाडी उलाळ होते, धुरा वर उडते आणि गाडीची मागची बाजू तिथं वाकलेल्या माणसांवर बसते. म्हणून बैल सोडायचेच असतील तर आधी धुरेखाली टेकण द्या आणि मागच्या बाजूलाही ओंडका लावा. दोन्ही टेकणं बसल्याशिवाय शिवळांना, म्हणजे जूच्या खुंट्यांना, हात लावायचा नाही.

गाडी उचलण्यासाठी पहार वापरा. पहारीखाली दगड, पहारीवर दोघं, आणि चाक बोटभर वर आलं की लगेच खाली लाकूड सरकवा. पुन्हा बोटभर, पुन्हा लाकूड. उचललेली गाडी नुसत्या हातावर धरून माणूस ओढू नका, हात सुटतात. माणसाला बगलेत हात घालून, मान-पाठ सरळ ठेवून, एका दमात बाहेर घ्या. पाय धरून फरफटत नको.

माणूस किती वेळ दबून होता ते घड्याळ बघून ध्यानात ठेवा. पाच मिनिटं आणि पाऊण तास यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. फार वेळ दबलेल्या स्नायूतली घाण दाब सुटल्यावर रक्तात येते, त्यानं मूत्रपिंडाला आणि हृदयाला त्रास होऊ शकतो. ही वेळ १०८ च्या माणसाला आणि दवाखान्यात दोन्हीकडं सांगायची.

फोन

रुग्णवाहिकेसाठी १०८. पोलीस आणि इतर तातडीसाठी ११२. फोन करणारा एकच ठेवा, चौघांनी चार ठिकाणं सांगितली की गाडी चौथ्याच शिवारात जाते. गाव, तालुका, जिल्हा, जवळचा फाटा आणि माणूस कसा सापडला हे सांगा: "बैलगाडीचं चाक पोटावरून गेलं, शुद्धीवर आहे, वय पन्नास." चालकाचा नंबर आला की त्याला व्हॉट्सअपवर लोकेशन पाठवा.

पावसाळ्यात काळ्या रानातून रुग्णवाहिका येत नाही. पांदणीच्या तोंडाशीच तिचं चाक बसतं. म्हणून एका पोराला मोटारसायकलवर फाट्यावर उभं करा आणि माणसाला डांबरीपर्यंत बाजेवरून न्या. बाज ही आपल्याकडची सगळ्यात चांगली स्ट्रेचर आहे. चार कोपऱ्यांना चार माणसं, चौघांचं पाऊल एका वेळी. मान किंवा पाठ दुखत असेल, हातापायात मुंग्या येत असतील, तर बाजेची दोरी ढिली असते म्हणून तिच्यावर दार किंवा फळी ठेवा आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना उशा नाहीतर गुंडाळलेलं घोंगडं लावा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत कडब्यावर टाकून नेणं शेवटचा उपाय. खड्ड्यात ट्रॉली आपटली की मोडलेलं हाड आत फिरतं.

जखम बघताना

रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडकं घडी करून जखमेवर दाबा आणि दाबूनच धरा. दर मिनिटाला उचलून "थांबलं का" बघू नका. फडकं भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवा. हात किंवा पाय चिरडून रक्ताची धार थांबतच नसेल तर जखमेच्या वर, मांडीला किंवा दंडाला, चार बोटं रुंद पट्टी काठी घालून पिळून आवळा, आणि वेळ लिहा. सुतळी किंवा तार नको, ती कातडीत रुतते. हा उपाय फक्त जीव जाण्याच्या रक्तस्रावासाठी, साध्या खरचटण्याला नाही.

हळद, चुना, तंबाखू, रॉकेल, शेणाची राख यातलं काही जखमेत घालायचं नाही. डॉक्टरला आधी तेच धुवून काढावं लागतं. स्वच्छ पाणी मात्र भरपूर ओतलं तरी चालतं. गाडीच्या चाकाला शेण आणि माती असतेच आणि धनुर्वाताचे जंतू तिथंच असतात. शेवटचं इंजेक्शन पाच वर्षांपूर्वीचं असेल किंवा आठवतच नसेल तर त्याच दिवशी घ्या. खोल, घाणेरड्या जखमेला त्या इंजेक्शनबरोबर आणखी एक औषध लागू शकतं, ते डॉक्टर ठरवतील. "इतकंच तर लागलंय" म्हणून इंजेक्शन टाळणं सगळ्यात स्वस्त बचत आणि सगळ्यात महाग चूक.

हाड मोडल्याचा संशय असेल तर जसा पाय आहे तसाच बांधा, सरळ करू नका. आपल्या रानात बांधायला तुराटी, म्हणजे तुरीची वाळली काडी, सगळ्यात बरी. ओंजळभर तुराट्या टॉवेलमध्ये गुंडाळून पायाच्या दोन्ही बाजूंना लावल्या की चांगला आधार होतो. कापसाची पऱ्हाटी घेऊ नका, ती वाकडी असते आणि टोचते. गुडघ्याखाली मोडलं असेल तर आधार मांडीपासून टाचेपर्यंत, म्हणजे वरचा आणि खालचा दोन्ही सांधे त्यात आले पाहिजेत. रुमाल बांधताना मोडलेल्या जागेवर गाठ नको. बांधून झालं की अंगठ्याचं नख दाबून सोडा. पांढरं झालेलं नख दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी झालं पाहिजे. नाही झालं तर पट्टी आवळली आहे, ढिली करा. बोटांत अंगठी, जोडवं, पायात वाळा, हातात कडं असेल तर सूज यायच्या आधी काढा. नंतर निघत नाही.

हाड कातडीतून बाहेर दिसत असेल तर आत ढकलू नका. ओलं स्वच्छ फडकं वर ठेवा आणि लवकर न्या. अशा जखमेला दवाखान्यातलं अँटिबायोटिक जितकं लवकर तितकं हाड वाचायची आशा जास्त.

आता अण्णाच्या पोटरीकडं येतो, कारण ती जखम बाहेरून काहीच दिसत नव्हती. पिंढरीच्या स्नायूंना आवरण असतं. चाकानं आत रक्त साचलं, सूज आली, आवरण ताणलं जात नाही म्हणून आतला दाब वाढत जातो आणि रक्त पुढं जाणं थांबतं. ओळखायची खूण अशी: जितकं लागलंय त्याच्या मानानं दुखणं फार जास्त, आणि गोळी देऊनही वाढतच जाणारं. पायाची बोटं दुसऱ्यानं वर-खाली केली की किंकाळी. पोटरी ताठ, चकचकीत. नंतर मुंग्या, नंतर बधिरपणा. बधिरपणा यायची वाट बघू नका, तोवर उशीर झालेला असतो. सहा-आठ तासांत स्नायू मरायला लागतात. घट्ट पट्टी असेल तर लगेच सोडा, पाय छातीच्या पातळीवर ठेवा, फार उंच टांगू नका आणि दवाखाना गाठा. आमच्या घरी याच वेळी कुणीतरी तेल लावून चोळलं होतं. चोळणं, शेकणं, हाडवैद्याकडून ओढून घेणं, यातलं काही नको.

पोटावरून किंवा छातीवरून चाक गेलं असेल तर माणूस उठून चालला तरी त्याला दवाखान्यात न्यायचंच. प्लीहा आणि यकृत हळूहळू रक्त गाळतात. पहिल्या तासात माणूस हसतो, चहा मागतो. चहा देऊ नका, पाणीही नको, कदाचित शस्त्रक्रिया लागेल. पोट टणक होणं, डाव्या खांद्यात दुखणं, गरगरणं, घाम येऊन अंग थंड पडणं, लघवीत रक्त, या खुणा दिसल्या की धावपळ. लेकराच्या पोटावर चाकाची काळी खूण असेल तर दुसरं काही न दिसताही थेट मोठ्या दवाखान्यात. लेकरू रडायचं थांबलं म्हणजे बरं वाटलं असं समजू नका.

सायकल आणि म्हातारी माणसं

सायकलला कुणी मनावर घेत नाही. वीस किलोची तर सायकल. पण पोरगं ताशी १५ किलोमीटरनं आलं तर एका सेकंदात चार मीटर पुढं येतं. अंगणात उन्हाला बसलेली आजी उठून उभी राहीपर्यंत ते तिच्या अंगावर. धडकेनं नाही, पडण्यानं घात होतो. म्हातारीला उठता येईना, एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसतो आणि पंजा बाहेर वळलेला असेल तर खुब्याजवळ हाड मोडलंय. तिला उभं करून "चालून बघ" म्हणायचं नाही. दोन्ही पायांच्या मध्ये उशी घालून पाय एकत्र बांधा आणि बाजेवरच न्या. खुब्याचं ऑपरेशन एक-दोन दिवसांत झालं तर बरं, अंथरुणावर पडून राहणं म्हाताऱ्या माणसाला हाडापेक्षा जास्त मारतं.

डोकं आपटलं असेल तर पुढचे दोन दिवस लक्ष. उलट्या, वाढतं डोकेदुखणं, गुंगी, बोलण्यात अडखळ, एक बाहुली मोठी, नाका-कानातून पाण्यासारखा द्रव, झटका. यातलं एकही दिसलं तर रात्री बारा वाजले असतील तरी निघा. झोपू द्यायचं, पण दर दोन तासांनी उठवून नाव-गाव विचारायचं. म्हातारं माणूस रक्त पातळ करायची गोळी घेत असेल, हृदयवाल्यांना ती बहुतेक असतेच, तर लागलेलं थोडं दिसलं तरी डॉक्टरला ती गोळी दाखवा. अशा माणसाला मेंदूत हळू रक्तस्राव होऊ शकतो.

दवाखान्यात काय सांगायचं

प्राथमिक आरोग्य केंद्रात पट्टी, इंजेक्शन, सलाईन होईल. चिरडलेला पाय, पोट, डोकं, खुबा यासाठी पुढं जावंच लागतं. छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूर आणि नांदेडची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं ही मराठवाड्यातली मोठी सरकारी ठिकाणं. खाजगीत गेलात तरी तातडीचा प्रथमोपचार नाकारता येत नाही. सुप्रीम कोर्टानं १९८९ साली परमानंद कटारा प्रकरणात सांगितलं आहे की जखमीचा जीव वाचवणं हे डॉक्टरचं पहिलं काम, पोलिसी सोपस्कार नंतर.

शिधापत्रिका आणि आधार सोबत घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण यादीतल्या दवाखान्यातच. तिथल्या आरोग्यमित्राला भरतीच्या दिवशीच भेटा.

आता केसपेपर. डॉक्टर विचारतात, "कसं लागलं?" तुम्ही जे सांगाल ते लिहिलं जातं आणि पुढं तेच पुरावा ठरतं. "पडले" म्हणाल तर पडलेच लिहिणार. अण्णाचा कागद आजही तसाच आहे. सरळ सांगा: कधी, कुठं, कशानं. "अमुक तारखेला दुपारी तीनला, आमच्या गावच्या शिवारात, गट नंबर अमुक, उभ्या माणसाला बैलगाडीचं चाक लागलं." दवाखान्यांच्या आंतरराष्ट्रीय आजार-नोंदणीत याला वेगळे संकेतांकसुद्धा आहेत. पायी माणसाला जनावरानं ओढलेल्या गाडीनं रस्त्याबाहेर धडक दिली तर व्ही०६.०, सायकलनं दिली तर व्ही०१.०. म्हणजे जगात इतरत्र कुणालातरी हा प्रकार मोजावासा वाटला. आपण मात्र तो "पडले" मध्ये घालवतो. तोच केसपेपर, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या पावत्या एका पिशवीत ठेवा. मोबाइलवर फोटो काढा, कागद भिजतात.

पोलीस, पोलीस पाटील, पंचनामा

लोक पोलिसाला घाबरतात त्यापेक्षा जास्त गावकीला घाबरतात. "केस केली" म्हटलं की सात पिढ्यांचं वैर. पण नोंद करणं म्हणजे कुणाला तुरुंगात टाकणं नव्हे. आधी पोलीस पाटलाला सांगा आणि त्याच्याकडून घटनेचा अहवाल लिहून घ्या. जागेचे, गाडीचे, चाकाच्या मागाचे फोटो त्याच दिवशी काढा. साक्षीदारांची नावं लिहा.

कायदा थोडक्यात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात बेदरकार हाकण्याचं कलम २८१ सार्वजनिक वाटेसाठी आहे, खाजगी वावराला ते लागत नाही. पण निष्काळजीपणानं कुणाला दुखापत केली तर कलम १२५ कुठंही लागतं, मृत्यू झाला तर कलम १०६. जनावर नीट न सांभाळल्यामुळं धोका झाला तर कलम २९१ आहे. पांदण सार्वजनिक की खाजगी हा वाद तुम्ही घालत बसू नका, जागा नेमकी सांगा, बाकी पोलीस बघतील. मृत्यू झाला तर शवविच्छेदनाला नकार देऊ नका. "देह फाडू नका" म्हणून परत आणलेल्या देहाबरोबर मदतीचा हक्कही हातचा जातो.

आणखी एक फरक ध्यानात ठेवा. मोटार अपघात न्यायाधिकरण, वाहन विमा, हे सगळं मोटार वाहनांसाठी आहे. बैलगाडीला तसा सक्तीचा विमा नसतो. पण गाडी ट्रॅक्टरला जोडलेली होती का, हे बघा. ट्रॅक्टरमागं लावलेल्या ट्रॉलीनं धडक दिली तर ते मोटारीचंच प्रकरण, आणि ट्रॅक्टरच्या विम्याकडं जाता येतं. ऊसतोडीच्या हंगामात हा घोळ हमखास होतो, कारण तीच गाडी कधी बैलांना तर कधी ट्रॅक्टरला असते.

पैसे कुठून

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना २०२३ पासून या रूपात आहे. सातबारावरचा शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातला एक जण, वय १० ते ७५. अपघाती मृत्यू किंवा दोन डोळे/दोन अवयव गेले तर २ लाख, एक डोळा किंवा एक अवयव कायमचा गेला तर १ लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडं, ३० दिवसांच्या आत. सातबारा, वारसाची नोंद, वयाचा पुरावा आणि प्रथम माहिती अहवाल, पंचनामा किंवा पोलीस पाटलाचा अहवाल लागतो. म्हणून वर पोलीस पाटलाचं एवढं सांगितलं. मोडलेला पाय जुळून बरा झाला तर यात काही मिळत नाही, हेही आधीच माहीत असावं.

बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जात असतील तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. वय १८ ते ७०, मृत्यूला किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, अंशतः कायमच्या अपंगत्वाला १ लाख. पासबुक उघडून बघा, बऱ्याच जणांचा कापला जातो आणि घरात माहीत नसतं. हमाल असाल तर माथाडी मंडळाकडं नोंद आहे का, ऊसतोड कामगार असाल तर गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाकडं नोंद आहे का, हे हंगामाआधीच बघावं. अपघातानंतर नोंद करायला गेलं की कुणी उभं करत नाही.

ज्या जागी हे होतं तिथंच थोडं थांबू

कारखान्याचा गाडीतळ हा सगळ्यात वाईट. रात्री दोनशे गाड्या रांगेत, प्रत्येकीत दीड-दोन टन ऊस, बैल थकलेले, गाडीवान अर्धवट झोपेत. थंडीत माणसं गाडीखालीच पोतं अंथरून झोपतात, कारण गाडी हेच घर. रांग पुढं सरकली की चाक फिरतं. गाडीखाली झोपायचंच नाही असं सांगणं शहाणपणाचं आहे पण निजायला दुसरी जागा कुठं, हे सांगणाऱ्यानं आधी सांगावं. निदान चारही बाजूंनी दगड, बैल सोडून खुंटीला, धुरेखाली टेकण आणि लेकरं चाकाच्या बाजूला नको, मधोमध. रांग सरकायच्या आधी मुकादमानं किंवा पुढच्या गाडीवानानं बॅटरी मारत हाका देत जावं. गाडीच्या मागं लाल चकाकणारी पट्टी चिकटवा.

मोंढ्यातला हातगाडा दिसायला गरीब, पण सोयाबीनचे दहा कट्टे म्हणजे पाच-सहाशे किलो. त्याला ब्रेक म्हणजे हमालाची छाती. उतारावर तो थांबवता येत नाही, वळवता येतो. म्हणून उताराच्या खालच्या बाजूला उभं राहून फोनवर भाव विचारू नका. हमालाची "सरक, सरक" ही हाक आली की मागं बघत बसायचं नाही, बाजूला व्हायचं. बहुतेकांना लागतं ते टाचेच्या वरच्या शिरेला. पायाच्या चवड्यावर उभं राहता आलं नाही तर ती शीर तुटलेली असू शकते, मुरगळ समजून तेल चोळू नका. उतार असेल तिथं हमालांनी भरलेला गाडा पुढून ओढण्याऐवजी मागून एक जण दोरीनं धरून उतरवावा.

उन्हाळ्यात पाण्याचे गाडे. दोनशे लिटरचा ड्रम म्हणजे दोनशे किलो, आणि अर्धा भरलेला ड्रम तर जास्त वाईट, कारण पाणी आत हेलकावे खातं आणि गाडा वळणावर उलटतो. ड्रम पूर्ण भरून दोरीनं बांधावा, आणि लेकराला वर बसवू नये.

गाडी जुंपायच्या आधी तीन गोष्टी: चाकाची धाव (वरची लोखंडी पट्टी) ढिली नाही ना, आसाची खीळ जागेवर आहे ना, जोतं (बैलाच्या गळ्याचा पट्टा) कुजलेलं नाही ना. पोळ्याच्या दिवशी शिंगांना बेगड, अंगावर झूल, वाजंत्री आणि फटाके एकदम आले की वर्षभर शांत असलेला बैलही बुजतो. मिरवणुकीत लेकरं बैलांच्या मागं नको, बाजूला नको, ओट्यावर. बैल बुजले तर समोर हात पसरून उभं राहणारा शूर माणूस पहिल्यांदा खाली जातो. बाजूला व्हा, त्यांना मोकळी जागा द्या, दमले की थांबतात.

शंकरपटाबद्दल, म्हणजे बैलगाडा शर्यतीबद्दल. सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठानं कायदा कायम ठेवला, तेव्हापासून माळ पुन्हा गजबजले. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. बघायला जाल तर शेवटच्या रेषेपाशी उभं राहू नका. छकडा, म्हणजे शर्यतीची हलकी गाडी, तिथं थांबत नाही, पुढं जातोच, आणि गर्दी नेमकी त्याच्या वाटेत घुसते. दोरीच्या आत शिरून मोबाइलवर व्हिडिओ काढणाऱ्याला तर पडद्यात छकडा जितका लांब दिसतो तितका तो खरा लांब नसतो.

आखाड्यावर एका डब्यात हे ठेवा: दोन स्वच्छ धोतराच्या घड्या, पट्टी, कात्री, बॅटरी, पेन, पोलीस पाटलाचा आणि आशाताईचा नंबर लिहिलेला कागद. डबा कुलपात नको, खुंटीला लटकवा. उंदीर कपड्याला तोंड लावतात म्हणून झाकण घट्ट हवं.